गार हाताला सुंठ

या सोहळ्याचे अध्यक्ष आणि आमच्या गाइड संघटनेचे आधारस्तंभ कारभारी भाऊ, आयुर्वेद शिकवता शिकवता आमच्यासाठी वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या वैद्य विशाखाताई, सत्कारमूर्ती गोजरमावशी, दौलताबादहून आणि फुलंब्रीहून आलेली पाहुणेमंडळी, आणि छत्रपती संभाजीनगरच्या या सभागृहात पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पकडून बसलेले माझे गाइड बांधव, सर्वांना या तन्वीरचा नमस्कार आणि आदाब.

मला पाच मिनिटं दिली आहेत. गाइडला पाच मिनिटं म्हणजे चांद मिनार लांबून दाखवण्यापुरतीच. तरी प्रयत्न करतो.

गोजरमावशी उद्या लासूर स्टेशनला लेकीकडे राहायला जाणार. एकतीस वर्षं दौलताबाद किल्ल्याच्या दारासमोर त्यांची चहाची टपरी होती. आता गुडघे ऐकत नाहीत. त्यांचा चहा आपण सगळे प्यालोय, आणि चहाआधीचा त्यांचा रिवाजही सगळ्यांना ठाऊक आहे. "हात दाव." मग मनगट धरायचं, क्षणभर डोळे मिटायचे. हात गार लागला की तळहातावर सुंठ-गुळाची गोळी. गरम लागला की, "तुला नाय. तू गुमान पाणी पी." समोर साहेब असो की हमाल, निकाल बदलत नाही. आपले अध्यक्षच साक्षीला आहेत. एकतीस वर्षांत कारभारी भाऊंना एकही गोळी मिळालेली नाही, कारण त्यांचा हात कायम गरम. डोक्याबद्दल मी काही बोलत नाही, मला संघटनेत राहायचंय.

सुंठही घरचीच. फुलंब्रीहून मावशींचा सख्खा भाऊ अद्रक आणून देतो. मावशी ती धुऊन, सोलून पत्र्यावर वाळवतात आणि खडखडीत झाली की खलबत्त्यात कुटतात. विशाखाताई मघाशी म्हणाल्या की ग्रंथात सुंठेला विश्वभेषज म्हणतात, म्हणजे साऱ्या जगाचं औषध. मी मावशींना ते सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हणत असतील. पोट दुखलं तर चालती."

आता माझी गोष्ट. आजवर मी ती सांगितली नाही, कारण तिच्यात माझी फजिती आहे. आठ वर्षांपूर्वीचा जानेवारी होता. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मी सहा महिने चिनी भाषा शिकलो होतो आणि साठ वर्षं शिकल्यासारखा गावभर मिरवत होतो. मुंबईच्या एका कंपनीने तैवानच्या चोवीस पाहुण्यांचा गट माझ्या हवाली केला. पाहुणे खूश झाले तर पुढचे सगळे गट माझे, नाहीतर दिल्लीहून गाइड येणार. त्यातच जन्नतच्या अब्बांनी स्वच्छ सांगून ठेवलेलं, "पहले काम पक्का होने दो मियाँ, फिर निकाह की तारीख." जन्नत आज दुसऱ्या ओळीत बसलीय, तेव्हा पुढचं तुम्हाला कळलंच. त्या सकाळी मला मात्र काहीच माहीत नव्हतं.

आपल्याकडे पाहुण्याला आपण काय देतो? गार पाणी. मी तर बर्फाने भरलेली पेटीच उचलून आणली होती. किल्ल्याच्या प्रत्येक दरवाजाशी एकेक गारेगार बाटली हातात. नको म्हटलं की आग्रह. आपला आग्रह कसा असतो ते सांगायला नको, समोरचा हरतोच. आता ही माणसं जन्मभर कोमट पाणी पिणारी, प्रत्येकाच्या खांद्याला गरम पाण्याचा थर्मास. मी तो थर्मास पाहिला आणि मनात म्हणालो, चहा असेल. बिचारे भिडेखातर बर्फाचं पाणी पीत राहिले.

त्या गटात लिनबाई होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, त्यांच्याकडच्या जडीबुटीच्या नावाजलेल्या वैद्य. अंधारीच्या, म्हणजे किल्ल्यातल्या त्या काळोख्या भुयारी वाटेच्या तोंडाशी त्या पोट धरून मटकन बसल्या. ओठ पांढरे पडलेले. गटप्रमुखाने कंपनीला फोन लावायला घेतला आणि माझ्या डोळ्यांसमोर आधी दिल्लीचा गाइड आला, मग अब्बा आले. सहा महिन्यांची चिनी विसरून मी लिनबाईंना मराठीतच "काय झालं?" विचारत होतो.

आम्ही दोघा-तिघांनी धरून त्यांना खाली आणलं आणि टपरीच्या बाकावर बसवलं. मावशींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"काय पाजलंस रं हिला?"

"पाणी, मावशी."

"गार?"

"बर्फातलं."

"पाव्हण्याला पाणी द्यावं, तन्वीर. हुडहुडी देऊ नाय."

असं म्हणून त्यांनी लिनबाईंचं मनगट धरलं. लिनबाईंनी डोळे उघडले, नीट पाहिलं, आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं मावशींच्या मनगटावर ठेवली. दोन म्हाताऱ्या एकमेकींची नाडी बघत बसल्या होत्या. उरलेले तेवीस पाहुणे, चार रिक्षावाले आणि एक पेरूवाला भोवती गोळा झालेले. मी दुभाषा, आणि माझी कुणालाच गरज नव्हती.

मावशींनी गोळी दिली, वर गरम पाणी. लिनबाईंनी आधी वास घेतला, कणभर जिभेवर ठेवली आणि म्हणाल्या, "गान ज्यांग." आणि हसल्या. गटप्रमुखाने मला समजावलं, ही सुंठच, पोटात गारठा शिरला की त्यांच्या वैद्यकीतही हीच देतात. अर्ध्या तासात चेहऱ्यावर रंग आला. मग बाईंनी काय मागितलं असेल? अंधारी बघायची राहिली होती, ती दाखव म्हणाल्या. गटप्रमुखाने फोन खिशात टाकला. निघताना लिनबाईंनी मावशींच्या गुडघ्यांकडे बोट दाखवून मान हलवली. निदान तेव्हाच झालं होतं, पण मावशी कुणाचं ऐकतात?

बर्फाची पेटी मी त्याच दिवशी पेरूवाल्याला देऊन टाकली. पुढचे गट मला मिळाले, उन्हाळ्यात तारीखही मिळाली. सुंठेवाचून खोकला गेला, अशी आपल्यात म्हण आहे. माझा खोकला सुंठेवाचून गेलाच नसता.

मावशी, गोळी करायला शिकवा म्हणून मी आठ वर्षं तुमच्या मागे लागलो. तुम्ही दर वेळी म्हणालात, "आधी हात धराया शीक." आज मंचाच्या पायऱ्या चढताना मी तुमचा हात धरला होता. तो गार होता. उद्या सकाळी टपरी उघडायची नाही, म्हणून असेल. माझेही हात कालपासून गारच आहेत, हे सगळ्यांसमोर सांगतो. म्हणून काल घरी जन्नतच्या खलबत्त्यात कुटून ही गोळी केली. पहिलीच आहे. घ्या. तुम्ही पास केलंत तर उद्यापासून गोळ्यांचा डबा माझ्या बॅगेत.

मंडळी, जरा थांबा, त्या चघळतायत.

मागच्यांना ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. मावशी म्हणतात, "सुंठ बरी हाय. गूळ लई झाला. पर चालंल."

चालंल म्हणाल्या, सगळ्यांनी ऐकलंय.

अध्यक्षांचे, विशाखाताईंचे आणि एवढा वेळ जागे राहिलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यातही कुठं गूळ लई झाला असेल, तर मावशींसारखंच तेवढं चालवून घ्या.