आधी मागायचं

फादर, अपोलीन मावशीच्या घरची माणसं, आणि पाचूबंदरपासून बोळिंजपर्यंत कुठून कुठून आलेल्या तुम्ही सगळ्यांनो,

मला इथे खुर्ची दिली होती, पण बसवत नाही. मावशीला माती देऊन आल्यापासून माझं असंच चाललंय. दारात जाते, परत येते. चहा टाकते आणि प्यायला विसरते. तेव्हा आज मी नीटनेटकं बोलेन, अशी आशा ठेवू नका.

मावशी आपल्या बालवाडीच्या बाई. पण रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की तिच्या ओटीवर धर्मशिक्षणाचा वर्ग भरायचा. माझ्या वयाचे इथले निम्मे लोक त्या ओटीवर प्रार्थना करायला शिकले. ती आजारी पडली तेव्हा तो वर्ग तिने माझ्याकडे दिला. तीच मुलं आज इथे पुढे बसली आहेत. त्यांच्यातल्या एकीने मला एक प्रश्न विचारलाय. उद्या वर्ग आहे, आणि उत्तर माझ्याकडे नाही.

मावशी प्रार्थना कशी शिकवायची, आठवतं ना? पाठांतर नंतर. आधी विचारायची, "आज तू कोन?" म्हणजे बायबलातल्या कोणासारखी तुझी गत झालीय? नापास झालेला फ्रान्सिस म्हणायचा, मी माशाच्या पोटातला योना. आईशी भांडून आलेली मी म्हणायचे, मी मागे उभा राहून छाती बडवणारा जकातदार. मग त्या माणसाने देवाला जे सांगितलं, ते आपण आपल्या शब्दांत सांगायचं. एकदा मी चांगली लांबलचक प्रार्थना रचून नेली होती. मावशी कोळ्याची लेक! ती म्हणाली, "अगं, पेत्र पान्यात बुडाया लागला तवा काय बोलला? प्रभू, वाचव. झालं! बुडनारा मानूस भाषन करीत नाय."

आम्ही सगळे हसलो होतो. आता हसू येत नाही.

तिच्या आजारपणात आपण गल्लीतल्या क्रुसापाशी नऊ दिवसांची नोवेना सुरू केली. मेणबत्त्या लावल्या, मोगऱ्याचे हार घातले. शेजारच्या वाडीतले काकाही रोज चपला काढून मागे उभे राहायचे. प्रार्थना मी सांगायचे. आणि शेवटी दर वेळी काय म्हणायचे? देवा, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. सगळे म्हणायचे, आमेन. किती शहाण्यासारखं वाटायचं!

मावशी समोरच्या तिच्या खिडकीतून ऐकत होती. तिने मला आत बोलावलं. श्वास पुरत नव्हता, तरी रागावली. म्हणाली, "येशूनं मरनाच्या आदल्या राती बागेत काय मागितलं, सांग." मी म्हटलं, तुझी इच्छा पूर्ण होवो. "ते नंतर. आधी काय बोलला? हा प्याला माझ्यापासून टळू दे. घाम गाळून बोलला, पुन्हापुन्हा बोलला. तो अर्धा भाग तुम्ही गिळलात. का? देव नाय म्हनेल म्हनून घाबरता?"

मग ती हळूच म्हणाली, "मला जगायचंय गं. कोनी मागतच नाय माझ्यासाठी."

मंडळी, हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आपल्याला वाटत होतं, मावशीची जायची तयारी झालीय. तिची कसली तयारी! तिला जगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सरळ मागितलं. देवा, आमच्या मावशीला बरं कर. मुलं तर ओरडून मागत होती. खिडकीत मावशी हसत होती, तुम्ही पाहिलंय.

आणि ती गेली.

दफनाहून परतताना वर्गातल्या सिल्वियाने माझा हात ओढला. "टीचर, आपण चुकीचं मागितलं का? आधीसारखंच म्हणायला पाहिजे होतं का?"

काय सांगू मी तिला? तुम्ही काय सांगितलं असतं? तेव्हापासून मी येरझाऱ्या घालतेय. माझा राग गेलेला नाही. फादर, माफ करा, पण देवावरच राग आहे.

सिल्विया बाळा, उत्तर उद्यावर कशाला ढकलू? तू इथेच आहेस, मला सुचतंय तेवढं आत्ताच सांगते. येशूने बागेत मागितलं. त्याला मिळालं नाही. म्हणून त्याचं मागणं चुकीचं होतं का? नाही ना? मग तुझंही नव्हतं. आपण मागितलं म्हणून मावशी गेली नाही. आपण मागितलं, ते तिने कानांनी ऐकलं, आणि मग ती गेली. यापुढचं मला कळत नाही, आणि कळतं असं मी सांगणार नाही.

आता आपण शांत उभे राहू या. पण ताठ, तोंड मिटून नको. देवळात मूल मागायला गेलेली हन्ना आठवा. तिचा आवाज फुटत नव्हता, ओठ मात्र हलत होते. याजकाला वाटलं, बाई प्यायलीय! तसं उभं राहू या. ज्याला जे म्हणायचंय ते म्हणा. भांडायचं असेल तर भांडा.

मी बागेतल्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणेन. दुसरा अजून माझ्या तोंडातून निघत नाही. तुमच्यापैकी ज्याला जमेल, त्याने तो आज माझ्या वतीने म्हणावा.

मावशी, ये आता. आज मी बुडणारा पेत्र आहे गं.