बिनसावलीची होडी

हसा लेको, पण जर्मनीहून शिकून आल्याआल्या घिवलीच्या किनाऱ्यावर प्लॅस्टिकची होडी आणणारा शहाणा मीच. "हिला तेल नको, सावली नको!" मी कोळ्यांना ठणकावून सांगितलं. ते ऐकून धर्माकाका आपली लाकडी होडी विकायलाच निघाले. जानकीकाकूंनी नवऱ्याला अडवलं. "दोन उन्हाळे सायेबांच्या होडीला वाळूत पडू दे. मंग बघू."

दोन उन्हाळ्यांनंतर मी सगळ्यांसमोर होडीवर अभिमानाने हात फिरवला, तर तळव्याला पांढरी भुकटी लागली. काठ दाबला, तर तुकडाच हातात आला.

"इथलं ऊन जरा जास्तच आहे," मी पुटपुटलो.

काकू म्हणाल्या, "सायेब, उन्हात आमी बोंबील घालतो. होडी झावळ्यांखाली ठेवतो."