धाकूची सुतळी आणि माझा त्रिकोण

...राग नाही हो, राग नाही! तुम्हाला सांगतो, राग परक्यावर करावा, हा धाकू तर माझा चोवीस वर्षांचा शेजारी! कांदिवलीच्या चाळीत त्याची खोली, माझी खोली, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, ते दर पावसात खालून कुजायचं आणि गणपतीच्या आधी धाकू नवीन ठोकून द्यायचा, फुकट! स्टुडिओत सेट उभारणारा सुतार तो, खोट्या भिंती हाच धंदा... आणि वर चहा कोण पाजायचं? मी!

तर आता चाळ पाडून टॉवर होणार, खोली जेवढी भरेल त्या हिशोबानं नवीन घर, म्हणजे आमच्या नातीचं, गंधालीचं अभ्यासाचं टेबल लागणार की नाही ते त्या मापावर. मी निर्धास्त! भाडेपावतीवर लिहिलंय ना, बारा बाय पंधरा, एकशेऐंशी फूट!

बिल्डरचा माणूस यायच्या आदल्या दिवशी गंधाली टेप घेऊन बसली आणि म्हणते, "आजोबा, खोली वाकडी आहे. दाराशी बारा फूट, मागे आठच." म्हटलं, बाळ, टेप वाकडा असेल! "थांबा हो," म्हणाली, आणि लादीवर खडूनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली. झाले दोन त्रिकोण. पाया गुणिले उंची, त्याचं अर्धं! एक नव्वद, एक साठ. दीडशे! मी चौथी नापास, पण एवढं मलाही कळतं हो... म्हटलं, "उरलेला तीस फुटांचा त्रिकोण कुठाय गं?" पोरीनं नुसतं बोट दाखवलं. पार्टिशनच्या पलीकडे!

वर्षाला दोन इंच! पार्टिशनचं पुढचं टोक दाराच्या चौकटीला, ते हलत नाही, मागचं आपलं सरकतंय, सरकतंय... आणि विमला, आमची बायको, म्हणायची, "अहो, कपाट पावसानं फुगलंय, बसतच नाही." कपाट विकलं हो! मग पलंगाशेजारून जाता येईना, तर म्हणते, "तुम्ही फुगलात." मी भात सोडला! चार वर्षं! आणि त्याला चहा कोण पाजत होतं? मी!

गेलो पलीकडे. म्हटलं, धाकू, माझा त्रिकोण? तर म्हणतो, "मेल्या, माका कित्याक बोलतंस? सुतळी लावताना दुसरा टोक कोण धरी? तूच मा!" खरंच हो! पार्टिशनची रेघ आखायच्या सुतळीचं दाराकडचं टोक दर वर्षी मीच धरून उभा, आणि हा मागून ओरडायचा, "घट धर हां, वाकडा होता नये!"

दुसऱ्या दिवशी बिल्डरचा माणूस आला, मी पावती पुढे केली. "काका, कागद राहू द्या, आज जे उभं आहे ते मोजतो." दीडशे. केली सही. आणि धाकूची? दोनशेदहा! गंधाली खाली बसून खडूची रेघ पुसत राहिली, ते काही बघवेना...

संध्याकाळी धाकू दारात. "रागावलंस? चल, आमच्याकडे बस. तुझीच जागा आसा मा ती!"

गेलो. काय करणार? बसलो पाय पसरून... आणि तुम्हाला सांगतो, खोली मोठी ऐसपैस आहे हो त्यांची!