झोपलेल्याला उठवायचं नाही

(मासळीच्या धक्क्याला बांधलेली एक छोटी शिडाची बोट. खाली केबिनमध्ये नवरा-बायको. मिस्त्री जमिनीची फळी काढून इंजिनात डोकं घालून बसलाय.)

मिस्त्री: वहिनी, पाय जरा वर घ्या. हां. बापरे, केवढंसं हे इंजिन! आमच्या मासेमारीच्या बोटीवर एवढा तर नुसता पंखा असतो.

नवरा: फक्त पाण्याचा पंप गेलाय हो, मिस्त्री. बाकी ठणठणीत आहे.

मिस्त्री: सगळे असंच म्हणतात. उघडल्यावर कळतं. अकरा दिवस समुद्रात होतात म्हणे? दोघंच?

नवरा: दोघंच.

मिस्त्री: आणि भांडणबिंडण?

बायको: भांडायला भेटावं लागतं.

मिस्त्री: म्हणजे काय?

बायको: चार तास हा सुकाणूवर, चार तास मी. हा जागा असतो तेव्हा मी झोपलेली, मी जागी तेव्हा हा. मधे पंधरा मिनिटं. वारा कुठून आहे, शीड किती उघडलंय, आसपास जहाज दिसतंय का. झालं.

मिस्त्री: झकास! आमच्या हिला सांगतो, संसार असा करायचा असतो म्हणून. दादा, तो बारीक पाना द्या बरं.

नवरा: हा घ्या. अगं, चहा टाकू का? सकाळपासून काही घेतलं नाहीस.

बायको: नको.

नवरा: ती बॅग कशाला काढलीस?

बायको: कपडे भरायला.

नवरा: धुवायला द्यायचेत? वर गल्लीत एक लाँड्री दिसली मला.

बायको: तू मिस्त्रींना शोधायला गेलास ना, तेव्हा फोनला रेंज आली. मी आईला सगळे निरोप पाठवून टाकले. ड्यूटीवर असताना मी रोज फोनमध्ये बोलून ठेवायचे ना, ते.

नवरा: सगळे?

बायको: अकराच्या अकरा. डॉल्फिन दिसले ते, डाळीचा डबा सांडला ते. आई, तुझा गुडघा कसा आहे, गोळ्या घेतेस का, का मुकाट्याने खिडकीतून टाकतेस. अर्ध्या तासाने धाकट्या भावाचा फोन.

नवरा: अगं, मी तुला आज—

बायको: आईचा फोन त्याच्याकडेच असतो आता. म्हणाला, ताई, हे काय पाठवतेयस? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?

मिस्त्री: काय झालं, वहिनी?

बायको: आई गेली माझी. आम्ही निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी. झोपेतच गेली.

मिस्त्री: अरे देवा. मी... वर जाऊन बसू का मी?

बायको: नको, तुम्ही काम करा. पंप झाला पाहिजे.

नवरा: मी आज सांगणार होतो. शपथेवर.

बायको: तुला कळलं कसं?

नवरा: सॅटेलाइटवरून मेसेज येतात त्या डबड्यावर. माझी ड्यूटी होती, पहाटेची. ‘आई गेली. ताईला सांगा.’ एवढंच.

बायको: मग मला दिसलं कसं नाही ते?

नवरा: पुसून टाकलं.

बायको: आणि त्याने विचारलं, ताई कशी आहे, तर तू लिहिलंस ‘सावरतेय’. त्याने वाचून दाखवलं मला. दोनदा लिहिलंयस. एकदा ‘जेवली आज नीट’ असंही.

नवरा: जेवलीच होतीस ना.

बायको: हो. का नसते जेवले?

नवरा: तू झोपली होतीस गं. निघाल्यापासून पहिल्यांदा नीट झोप लागली होती तुला. आणि आपला नियमच आहे ना, बोटीला धोका असल्याशिवाय झोपलेल्याला उठवायचं नाही.

बायको: नियम मीच केलाय. चार तासांनी उठलेच असेन ना मी?

नवरा: उठवलंच नाही. तुझीही ड्यूटी मीच केली. तू दचकून बाहेर आलीस तेव्हा ऊन चढलं होतं.

बायको: आणि तू म्हणालास, वारा छान होता, वाटलं झोपू दे.

नवरा: हो.

बायको: मी तुला थँक्यू म्हटलं.

नवरा: हो. म्हटलंस.

मिस्त्री: दादा, इथे जरा बॅटरी धरता का? दिसत नाहीये काही. हां, अशीच. हलवू नका.

बायको: तू बोल. बॅटरी दे इकडे, मी धरते.

नवरा: हे बघ. सांगितलं असतं तर पंधरा मिनिटांत मी झोपायला गेलो असतो आणि तू चार तास एकटी वर. अंधारात. रडत रडत कठड्याशी गेली असतीस तर? मला खाली कळलंही नसतं. आणि कळून तरी काय करणार होतीस? पोचणारच नव्हतीस. नऊ दिवस जमीन नाही.

बायको: मला पोचायचं नव्हतं रे. मला रडायचं होतं. आता येतच नाहीये. सकाळपासून बघतेय, येतच नाहीये. काहीच होत नाहीये मला. कपड्यांच्या घड्या मात्र एकदम सरळ येतायत.

नवरा: ओरड तरी माझ्यावर.

बायको: कशाने ओरडू?

नवरा: पहिल्या दिवशी तुझ्यासाठी नाही सांगितलं. खरंच तुझ्यासाठी. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी. रोज वाटायचं, आता सांगितलं तर विचारशील, काल का नाही सांगितलंस. रोज एक दिवस वाढायचा. माझीही लाडकी होती गं ती. मी त्या चार तासांत... शीड आवळत होतो आणि भसाभसा रडत होतो.

बायको: म्हणजे तू रडून घेतलंस.

मिस्त्री: वहिनी, बॅटरी थोडी डावीकडे.

बायको: इथून मोठ्या शहराला गाडी कधी आहे, मिस्त्री?

मिस्त्री: दोनची आहे. बर्फाच्या कारखान्यासमोर थांबते. ती गेली की थेट उद्या. तिथून विमानतळ तासाभरावर.

नवरा: आता तिथे जाऊन काय करणार? सगळं उरकलंय.

बायको: धाकटा एकटा तिचं कपाट आवरतोय. ते करीन.

नवरा: मग मीही येतो.

बायको: नको.

मिस्त्री: दादा, शनिवारी आमच्या बाकीच्या बोटी परत येतात हो. तोवर ही जागा रिकामी करायला लागेल. धक्क्याच्या साहेबांनी मला बजावून सांगितलंय.

नवरा: एकट्याने नाही नेता येत ही, मिस्त्री. पुढे सतरा दिवसांची मजल आहे. झोपणार कधी?

मिस्त्री: खाडीत आत नेऊन ठेवू. माझा मेव्हणा लक्ष ठेवील. थांबा की थोडे दिवस. घाई कसली? हां, पंप झाला बघा. रबरच गेलं होतं आतलं. दुसरं टाकलंय. चालू करा.

नवरा: नंतर करतो. अगं, घर विकून आलोय आपण. ही बोटच आहे आपल्याकडे. ऐकतेयस ना?

बायको: ऐकतेय. मिस्त्री, बॅग वर घ्यायला हात द्याल? धक्क्यापर्यंत मधल्या दोन बोटी ओलांडून जायचंय, तोल जातो माझा.

मिस्त्री: द्या ना. हलकीच आहे की. काही राहिलंबिलं नाही ना?

बायको: राहू दे राहिलं तर.

नवरा: एवढं फक्त सांग. परत येणारेस ना?

बायको: मला माहीत नाही. कळलं की लगेच सांगेन.