सगुणाबाईचं नाव कुठल्या ओळीत?

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे — धर्म आधी सभेत बोलायचा, का आधी उंबऱ्याच्या आत पाळायचा? उत्तराची घाई नको. आधी गोष्ट ऐका.

एक होते आमदार, केरूनाना शेळके. दोन-चार एकरांत घरच्याच हातांनी पिकवणाऱ्या कुटुंबांचा कैवारी! गारपीट झाली की हा माणूस चिखल तुडवत बांधावर हजर. अशाच एका गारपिटीनंतर त्यांना तान्हाबाई भेटली. नवरा नऊ वर्षं शहरात. डाळिंबाची बाग हिनं एकटीनं वाढवली. गारांनी बाग झोडपली, सरकारची मदत आली — आणि गेली नवऱ्याच्या खात्यात. का? सातबारा उताऱ्यावर नाव त्याचं!

नानांच्या मनाला ते लागलं. त्यांनी विधेयक लिहायला घेतलं : शेतात राबणाऱ्या बाईचं नाव नवऱ्याच्या जोडीनं उताऱ्यावर लागलंच पाहिजे.

अधिवेशनाच्या आदल्या सकाळी नाना ओसरीवर भाषण म्हणून बघत होते. त्यांच्या मंडळी, सगुणाबाई, लसूण सोलत ऐकत होत्या. भाषण संपलं तशा म्हणाल्या, "चांगलं झालंय. एक विचारू का? आपल्या उताऱ्यावर माझं नाव कुठल्या ओळीत आहे?"

आता बोला! लोक म्हणतात, आमदाराला अडवायला विरोधी पक्ष लागतो. छे — लसूण सोलणारी एक बाई पुरते.

नाना मनात हिशेब मांडू लागले. सव्वीस वर्षं ते सभा घेत फिरले. पाण्याची पाळी, कांद्याची चाळ, मजुरांच्या भाकरी, सगळं तिनं ओढलं. त्यांना लाज वाटली. आणि खरं सांगू? थोडा रागही आला. खरं ऐकलं की आधी रागच येतो. तुम्हाला नाही येत?

तसेच ते तलाठ्याकडे निघाले, तर वडील, आबा, दारात आडवे आले. जमीन उद्या सुनेच्या माहेरी जाईल, म्हणाले.

"आबा, सव्वीस वर्षं जमीन तिच्याच हातात होती," नाना हळू म्हणाले. "गेली का कुठं?"

आबा बाजूला सरले, पण लेकाशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात नानांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "कालपर्यंत माझ्याच बायकोचं नाव माझ्या उताऱ्यावर नव्हतं. काल अर्ज दिला, म्हणून आज तोंड उघडतोय." कुणी हसलं. बरेच जण खाली बघू लागले.

विधेयक मंजूर झालं? नाही, मंडळी. समितीकडे गेलं ते तिथंच राहिलं. नाना दर अधिवेशनात त्याची विचारणा करत राहिले, आणि मधल्या काळात बायकांची नावं लावून घ्यायला घरोघर फिरले. तान्हाबाईच्या नवऱ्याला शहरात जाऊन भेटले. तो आला, सही केली, आणि बराच वेळ बागेत नुसता उभा राहिला.

इकडं अर्ज दिल्यावर महिन्याभरानंच शेळक्यांचा नवा उतारा आला होता. आबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग सुनेला हाक मारून म्हणाले, "सूनबाई, तुझं नाव आलंय. बरं दिसतंय."

मायबापहो, नानांचं झालं, आता आपलं. घरी गेल्यावर आपला उतारा काढा आणि मोठ्यानं वाचा. जिच्या हातची भाकर खाऊन इथं आलात, तिचं नाव त्यात ऐकू आलं नाही, तर नामस्मरण कुठून सुरू करायचं, ते मी वेगळं सांगायला नको.