ओतारच्या नावाचा ग्लास

समुद्रकाठच्या बातुमीहून डोंगरात जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर दोघी म्हाताऱ्या बसल्या होत्या, नणंद आणि भावजय.

“वहिनी, ते पक्षी बघणारे पाहुणे आले होते ना? वाइन आवडली का?”

“आवडली कसली! चव घ्यायची आणि भांड्यात थुंकायची.”

“थुंकायची?”

“तशी रीत आहे म्हणे त्यांची. पण गेलेल्यांच्या नावाने ग्लास उचलले, तेव्हा भांडंच काढून घेतलं. म्हटलं, ही माझ्या नवऱ्याच्या, ओतारच्या नावाची, ही पोटातच गेली पाहिजे.”

“बरं केलंस. दादाने तर हाकलूनच दिलं असतं.”

“मग एकीने मला दुर्बीण दिली. वन्सं, समोर ससाणा! तुमचा भाऊ जिथे ससाणे धरायला जाळं लावायचा ना, अगदी त्याच टेकडीवर. तोंडातून निघूनच गेलं, ‘ओतार, जाळं सांभाळ!’”

“अगं बाई! मग?”

“पाहुण्यांना वाटलं, पुढचा ग्लास उचलायचा. सगळे उभे राहून ओरडले, ‘ओतार, जाळं सांभाळ!’ आणि घटाघटा प्यायले.”

“आणि ससाणा?”

“गेला समुद्राकडे. जाळ्यापाशी होतं कोण?”