साहेबाच्या मागचा आवाज

“इंग्रजी बातम्यांचं ते चॅनल तुझ्याकडे बघतं कोण?” म्हणून मला चिडवता ना? केबल नवीन होती तेव्हा आमच्या कमलताईंनी ते दिवसभर बघितलंय. त्या आमच्याकडे भांडी घासायच्या. नवरा, रामदास, दिंडोरीला एका द्राक्षबागेत छाटणी करायचा. परदेशी लोकांनी त्या बागेवर डॉक्युमेंटरी केली, त्यात तो बोलला. पण ती टीव्हीवर लागेपर्यंत तो वारला.

सकाळी लागली. “आता काय सांगायचं सायेब...” एवढं ऐकू आलं, आणि वरून एक इंग्रज त्याचं बोलणं इंग्रजीत सांगायला लागला. रामदासचा आवाज मागे नुसता पुटपुटत राहिला.

मी म्हटलं, “ताई, तो म्हणतोय की...”

“ते नको भाऊ. परत लागंल का?”

दुपारी आणि संध्याकाळी पुन्हा होती. मधल्या सगळ्या जगाच्या बातम्या, हवामान, फॅशन, सगळं ताई फरशीवर बसून बघत राहिल्या.

संध्याकाळी हळूच म्हणाल्या, “भाऊ, त्या सायबाला जरा गप बसवता येतं का?”

मी रिमोट उचलून आवाज बंद केला. साहेब आणि रामदास, दोघंही गप्प झाले.

“चालू करा, चालू करा!” त्या घाईनं म्हणाल्या. “बोलू द्या त्याला. त्याच्या मागं हे हायेत.”